शिक्षा झाली, पण स्टिअरिंग सुटलं का?

या महिन्याच्या टपालात एकाच धाग्याची पत्रं जास्त आली. रेसिंग ड्रायव्हरला फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली तर पुढे काय, हा तो धागा. काही प्रश्न जुन्या इतिहासाचे आहेत, काही अगदी घरातले. मिसळूनच उत्तरं देतो.

शूमाकरला पहिली संधी मिळाली ती दुसरा ड्रायव्हर तुरुंगात गेला म्हणून, असं ऐकलं. तो कोण? त्याचं पुढे काय झालं? (वाचक, नाशिक)

बरोबर ऐकलंत. त्याचं नाव बर्ट्रांड गाशो. डिसेंबर 1990 मध्ये लंडनमध्ये एका टॅक्सीवाल्याशी त्याची गाडी घासण्यावरून बाचाबाची झाली आणि गाशोने त्याच्या तोंडावर सीएस गॅसचा, म्हणजे अश्रुधुराचा स्प्रे मारला. युरोपात काही ठिकाणी हा स्प्रे स्वसंरक्षणासाठी लोक खिशात बाळगत. ब्रिटनमध्ये मात्र तो बंदुकांच्याच कायद्याखाली बंदी असलेलं हत्यार मानला जातो. म्हणजे मारहाणीचा गुन्हा तर होताच, वर हत्यार बाळगण्याचाही लागला. गाशोच्या बाजूने हिशेब चुकला तो इथे. प्रकरण दंडावर मिटेल अशा समजुतीत सगळे होते.

मधल्या काळात त्याचं नशीब जोरात होतं. जून 1991 मध्ये जॉनी हर्बर्ट आणि फोल्कर वाइडलर यांच्यासोबत माझदा 787बी चालवून त्याने ल मांची 24 तासांची शर्यत जिंकली. 11 ऑगस्टला फॉर्म्युला वनच्या हंगेरीच्या शर्यतीत जॉर्डन संघाच्या गाडीतून सर्वांत वेगवान लॅप मारली. चारच दिवसांनी कोर्टाने 18 महिन्यांची शिक्षा सुनावली आणि तो थेट आत गेला. बेल्जियमची शर्यत 25 ऑगस्टला होती. संघाचा मालक एडी जॉर्डनकडे दहा दिवस होते आणि एक रिकामी सीट. मर्सिडीजने पैसे भरून आपला तरुण ड्रायव्हर बसवला, त्याने बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर पात्रता फेरीत सातवा क्रमांक काढला, शर्यतीत पहिल्याच लॅपला क्लच गेला. तरी पुढच्या शर्यतीला तो बेनेटन संघात होता. तोच मिखाएल शूमाकर. स्पाच्या कठड्यावर लोक ‘गाशो, का?’ असं लिहिलेले टी-शर्ट घालून उभे होते, पण गाडी काही टी-शर्टांसाठी थांबत नाही.

अपिलात शिक्षा कमी झाली आणि ऑक्टोबरच्या मध्यावर, दोन महिन्यांतच तो सुटला. जपानची शर्यत काही दिवसांवर होती. तो तिथे पोचलाही, पण जॉर्डनची सीट तोवर झनार्डी या ड्रायव्हरकडे गेली होती. शेवटी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला लारूस संघाच्या गाडीत जखमी एरिक बर्नारच्या जागी त्याला बसवलं, तर तो पात्रच ठरला नाही. 1992 मध्ये लारूसकडून पूर्ण मोसम, मोनॅकोत सहावा, एक गुण. मग 1994-95 मध्ये पॅसिफिक संघ, तिथे पहिल्या वर्षी तर शर्यतीला पात्र होणं हीच लढाई.

आकडे काढले तर असं दिसतं: 1991 च्या त्या मोसमात आत जाण्याआधी त्याचे 4 गुण होते. बाहेर आल्यावर उरलेल्या सगळ्या फॉर्म्युला वन कारकिर्दीत 1. लायसन्स कोणी काढून घेतलं नव्हतं, बंदी नव्हती. फक्त सीट रिकामी राहिली नाही. तेवढंच पुरलं.

हॅमिल्टनलाही ऑस्ट्रेलियात शिक्षा झाली होती ना? (वाचक, ठाणे)

मार्च 2010 मध्ये मेलबर्नच्या रस्त्यावर टायर जाळत गाडी घसरवल्याबद्दल पोलिसांनी त्याला पकडलं. ऑगस्टमध्ये 500 ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला, मात्र दोषसिद्धीची नोंद कोर्टाने केली नाही. कारकिर्दीवर ओरखडाही नाही.

फॉर्म्युला वनचा जर्मन ड्रायव्हर आद्रियान सुटिलला शिक्षा झाली तरी तो एका वर्षात परत आला. मग शिक्षेचा उपयोग काय, आणि ‘फोर्स इंडिया’ संघाने त्याला परत का घेतलं? (वाचक, पुणे)

आधी घटनाक्रम नीट लावू, कारण सगळ्यांना वाटतं शिक्षा झाली म्हणून सीट गेली. तसं नव्हतं. एप्रिल 2011 मध्ये चीनची शर्यत झाल्यावर शांघायच्या एका क्लबमध्ये सुटिलच्या हातातल्या ग्लासने एरिक लुक्स यांच्या मानेला जखम झाली. लुक्स हे रेनॉ संघामागच्या कंपनीतले भागीदार. सुटिल तो पूर्ण मोसम खेळला, नववा आला. डिसेंबर 2011 मध्ये फोर्स इंडियाने पुढच्या वर्षासाठी डी रेस्टा आणि हुल्केनबर्ग यांची नावं जाहीर केली. म्युनिकच्या कोर्टाचा निकाल आला तो 31 जानेवारी 2012 ला: 18 महिन्यांची स्थगित शिक्षा आणि 2 लाख युरो दंड. म्हणजे सीट गेली ती निकालाच्या दीड महिना आधी. संघांना निकालापेक्षा अनिश्चिततेची भीती जास्त वाटते. मार्चमध्ये ड्रायव्हर मोकळा असेल की नाही हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्यावर संघाचं कोट्यवधींचं बजेट कोण टांगणार?

परत का घेतलं? निकाल लागला होता, शिक्षा स्थगित होती, तो प्रवास करू शकत होता आणि हुल्केनबर्ग सॉबर संघाकडे गेल्याने जागा रिकामी झाली होती. 2013 च्या पहिल्याच शर्यतीत मेलबर्नला त्याने काही लॅप आघाडीही घेतली, सातवा आला. 

‘स्थगित’ या शब्दावर थोडं. जर्मनीत जास्तीत जास्त 2 वर्षांपर्यंतचीच शिक्षा अशी स्थगित ठेवता येते. माणूस आत जात नाही, पण दोषी ठरलेला असतोच. ही बाब व्हिसाच्या अर्जात लागते. जपानच्या कायद्यानुसार एक वर्ष किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झालेल्या परदेशी माणसाला प्रवेश नाकारता येतो, आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तर शिक्षा किती हेही बघत नाहीत. तरीही विशेष परवानगीची तरतूद आहे, आणि सुटिल 2013 व 2014 दोन्ही वर्षी जपानच्या शर्यतीत सुझुकाला उतरला. कागद वेळेत लागले तर वाट निघते.

दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलो. एजंट म्हणतो, ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, विषय मिटला.’ मला पुढच्या मोसमात रॅली करायची आहे. (वाचक, पुणे जिल्हा)

थांबा. एजंटचं ऐकून कबुली देऊ नका, आधी फौजदारी वकिलाला भेटा. कारण असं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. बहुतेकांना दंडच होतो, म्हणून लोक त्याला सिग्नल तोडल्याच्या चलनासारखं समजतात. पण कबुली देऊन भरलेला दंड ही दोषसिद्धीच. आणि कलम 20 सांगतं की 185 खाली दोषी ठरलेल्याला कोर्टाने किमान 6 महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवायचं. त्या काळात कलम 23 नुसार लायसन्स निष्प्रभ असतं. तशात चालवलंत तर कलम 182: 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही.

आता रॅलीला याचा फटका का? सर्किटवरच्या शर्यतीत रस्त्याच्या लायसन्सचा सहसा संबंध येत नाही. व्हर्स्टापेन 2015 मध्ये सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरला तेव्हा त्याच्याकडे रस्त्याचं लायसन्स नव्हतंच. अमेरिकेत काइल बुशने 2011 मध्ये ताशी 45 मैलांच्या रस्त्यावर 128 मैलांनी गाडी हाणली, 45 दिवस लायसन्स निलंबित झालं, तरी नॅसकार या तिथल्या मोठ्या शर्यत-मालिकेत तो चालवतच राहिला, कारण ट्रॅक म्हणजे सार्वजनिक रस्ता नव्हे. रॅलीचं गणित वेगळं. स्पेशल स्टेज, म्हणजे वेळ मोजला जातो तो टप्पा, बंद रस्त्यावर असते, पण एका स्टेजकडून दुसरीकडे जायचं ते उघड्या रस्त्यावरून, ट्रकच्या आणि एसटीच्या मधून, वाहतुकीचे सगळे नियम पाळून. म्हणून रॅलीच्या स्पर्धा लायसन्सला रस्त्याचं वैध लायसन्स लागतं. तुमचं निष्प्रभ असेल तर तपासणीतच अडकाल. आणि लपवून उतरलात, वाटेत कोणाला धक्का लागला, तर विमा कंपनी हात वर करेल. तो खर्च कोणताही स्पॉन्सर भरत नाही.

मग करायचं काय? श्वासचाचणीची छापील पावती आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल मागून घ्या. मर्यादा 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, तुमचा आकडा किती हे वकिलाला दाखवा. खटला कमकुवत असेल तर लढवावा. मजबूत असेल तर कबुलीची वेळ निवडावी: रॅलीचा मोसम संपताना दिली तर सहा महिने बरेचसे रिकाम्या काळात जातात. हे ऐकायला हिशेबी वाटेल, पण कायद्याच्या चौकटीतलंच आहे. स्पर्धा लायसन्सच्या अर्जात विचारलं तर खरं लिहा.

एक सूचना जाताजाता. तुमच्या पत्रात रात्री घाटात मित्रांसोबत ‘सराव’ करण्याचाही उल्लेख आहे. रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम 189 खाली स्वतंत्र गुन्हा आहे: 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड, दुसऱ्यांदा एक वर्षापर्यंत. आणि त्या घाटात कोणी मेलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106, त्यात 5 वर्षांपर्यंत. जुन्या दंड संहितेत हे 2 वर्षं होतं. प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सुटण्याची आशाही धरू नका. बेदरकार गाडी चालवून माणूस मारल्याच्या गुन्ह्यात ती सवलत सहसा देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली दलबीर सिंग खटल्यात सांगितलं आहे.

अमेरिकेत तर म्हणे दारूचे तस्करच रेसर झाले. मग तिथे शिक्षेचं काही वाटत नाही का? (वाचक, मडगाव)

एके काळी खरंच वाटत नसे. नॅसकारचा ड्रायव्हर ज्युनियर जॉन्सनला 1956 मध्ये वडिलांच्या दारूच्या भट्टीवर पकडलं, त्याने ओहायोच्या फेडरल तुरुंगात 11 महिने काढले, आणि परत येऊन 1958 मध्ये सहा शर्यती जिंकल्या. 1960 ला डेटोना 500 ही मोठी शर्यतही. एकूण 50 विजय. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. त्या डोंगराळ भागात हातभट्टीची गाडी पळवणं ही पोरांची शाळाच होती, त्यामुळे प्रेक्षकांना तो आपलाच वाटे.

ऐंशीच्या दशकातले गांजाचे तस्कर वेगळे. रँडी लेनियर 1984 चा इम्सा या स्पोर्ट्स कार मालिकेचा विजेता, 1986 च्या इंडी 500 शर्यतीतला सर्वोत्तम नवखा. त्याला पॅरोलशिवाय जन्मठेप झाली, तो सुटला 2014 मध्ये, साठीला. तिथे कारकीर्द हा प्रश्नच उरला नाही. जॉन पॉल ज्युनियरची गोष्ट मात्र वाचण्यासारखी. 1983 मध्ये मिशिगन 500 ही इंडीकार शर्यत जिंकला, 1986 मध्ये वडिलांच्या गांजा-तस्करीच्या टोळीच्या प्रकरणात पाच वर्षांची शिक्षा झाली, वडिलांविरुद्ध साक्ष द्यायला त्याने नकार दिला होता. सुमारे अडीच वर्षं आत काढून तो परतला, आणि 1997 ला डेटोना 24 तास, 1998 ला टेक्सासची इंडीकार शर्यत जिंकला. इंडीकारमधल्या दोन विजयांत पंधरा वर्षं! त्याला जमलं याचं एक कारण म्हणजे अमेरिकेत शर्यतींचे प्रकार पुष्कळ आहेत, आणि सगळं एकाच देशात. दर पंधरवड्याला नवा व्हिसा लागत नाही.

मुलगा एकोणीस वर्षांचा, सर्किट रेसिंग करतो. कॉलेजमधल्या मारामारीची केस चालू आहे, निकाल नाही. पुढच्या वर्षी युरोपात एक संघ घ्यायला तयार आहे. पासपोर्टचं नूतनीकरण बाकी आहे. (एक आई, कोल्हापूर)

ताई, तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी दारं आहेत, आणि पासपोर्टचं पहिलं.

फौजदारी खटला कोर्टात चालू असेल तर पासपोर्ट कायद्याच्या कलम 6(2)(फ) खाली पासपोर्ट नाकारता येतो. मात्र 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेनुसार खटला चालवणाऱ्या कोर्टाने परदेशी जायची परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो. लोकांची चूक इथे होते: वकील फक्त ‘परदेशी जाण्यास हरकत नाही’ एवढाच आदेश आणतात. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा निघतो. म्हणून अर्जातच किती वर्षांसाठी हवा ते मागा, आणि आदेशात तो आकडा येईल हे बघा. सोबत संघाचं पत्र, मोसमाचं वेळापत्रक, राहण्याचा पत्ता आणि तारखांना हजर राहण्याची हमी जोडा. जामिनाच्या अटीत पासपोर्ट जमा असेल किंवा देश न सोडण्याची अट असेल, तर ती बदलून घेण्याचा अर्ज वेगळा.

दुसरं दार व्हिसा. अमेरिकेच्या अर्जात ‘कधी अटक झाली का’ असंच विचारतात, दोषी ठरलात का एवढंच नाही. ब्रिटनमध्ये 12 महिने किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर अर्ज नाकारला जातो. तुमच्या मुलाची तर अजून केसच चालू आहे, त्यामुळे खरं लिहिलं तर बहुधा चौकशी होईल, कागद मागतील. खोटं लिहिलं आणि सापडलं तर मारामारीच्या केसपेक्षा ते खोटंच महागात पडतं: ब्रिटन दहा वर्षं दार बंद करू शकतं, अमेरिका कायमचं.

तिसरं दार करार. संघाला आत्ताच लेखी सांगा. करारात गुन्हा दाखल झाल्यास, आरोप निश्चित झाल्यास की दोषी ठरल्यास सीट जाणार, यांतला कोणता शब्द आहे ते वकिलाकडून वाचून घ्या आणि ‘दोषी ठरल्यास’ हाच घालून घ्या. स्पॉन्सरच्या करारातही तोच. पैसे हप्त्यांत भरा, आणि केसमुळे मोसम हुकला तर उरलेला हप्ता परत मिळण्याची अट मागा. संघ कुरकुर करेल, तरी मागा.

आणि वकिलाला विचारा की तडजोड होण्यासारखी आहे का. साध्या मारहाणीत फिर्यादी तयार असेल तर कोर्टात तडजोड नोंदवता येते आणि तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो. फॉर्म्युला वनमध्ये उतरायला लागणाऱ्या सुपर लायसन्सला तीन मोसमांत 40 गुण लागतात, त्यामुळे फुकट गेलेलं प्रत्येक वर्ष त्या तीनांतून वजा होतं. पुढची तारीख कधी आहे ते बघा आणि त्याआधी फिर्यादीच्या घरच्यांशी वकिलामार्फत बोलणं सुरू करा. मुलाला एकट्याला त्यांच्या दारात पाठवू नका.