अव्वल जलतरणपटूंचे फ्रीस्टाइल पाहून आपले पोहणे सुधारता येते का?

तुम्ही विचारले आहे की, दोन वर्षे नियमित फ्रीस्टाइल पोहूनही २५ मीटरचे अंतर ३० सेकंदांच्या आत कापता येत नाही, ऑलिम्पिकमधील खेळाडूंचे व्हिडिओ पाहून त्यांच्यासारखे हात टाकायला गेल्यावर उजवा खांदा दुखू लागला, तेव्हा त्यांच्याकडे पाहून सामान्य माणसाला खरोखर काही शिकता येते का. माझे उत्तर होय असे आहे, कारण मी स्वतः वयाच्या चाळिशीत तसेच शिकलो. मात्र त्यासाठी पाण्याच्या वर जे दिसते त्यापेक्षा पाण्याखाली जे चालते ते पाहावे लागते, आणि एकाच खेळाडूच्या मागे न लागता दिसायला अगदी भिन्न असलेल्या दोघांना शेजारी ठेवून पाहावे लागते.

अशी जोडी म्हणून मी जॅनेट इव्हान्स आणि इयान थॉर्प यांची नावे सुचवीन. दोघांनीही ४०० मीटर फ्रीस्टाइलचे ऑलिम्पिक सुवर्णपदक वयाच्या सतराव्या वर्षी जिंकले, इव्हान्सने १९८८ मध्ये सोलला आणि थॉर्पने २००० मध्ये सिडनीला. इव्हान्सची उंची साडेपाच फुटांच्या आसपास. तिचे हात जवळजवळ सरळ राहून पवनचक्कीसारखे भराभर फिरत. थॉर्प सहा फुटांहून बराच उंच. त्याचा हात कोपरात वाकून सावकाश पुढे येई आणि प्रत्येक हातागणिक तो लांबवर सरकत जाई. वरून पाहिले तर हे दोघे एकच प्रकार पोहत आहेत असे वाटणार नाही. तरीही इव्हान्सचा सोलमधील ४ मिनिटे ३.८५ सेकंदांचा विक्रम २००६ पर्यंत टिकला. याचा अर्थ असा की, हात हवेतून कसा पुढे येतो यावर वेग ठरत नाही. तो भाग ज्याच्या त्याच्या शरीराच्या ठेवणीचा आहे. तुम्ही नेमकी त्याचीच नक्कल करत आहात, असे तुमच्या वर्णनावरून वाटते.

दोघांमध्ये समान काय आहे ते पाण्याखालून घेतलेल्या चित्रणात दिसते. हात पाण्यात शिरून पुढे ताणला गेला की, कोपर पृष्ठभागाजवळच राहते, बोटे खाली वळतात आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग मागच्या दिशेला तोंड करून उभा राहतो. त्यानंतरच जोर लावला जातो. यालाच प्रशिक्षक ‘कॅच’ म्हणतात. आपल्यासारखे हौशी लोक येथेच चुकतात. आपण सरळ हात खाली दाबतो, त्यामुळे छाती वर उचलली जाते, कंबर बुडते, आणि लावलेल्या जोराचा मोठा भाग पुढे जाण्याऐवजी शरीर वर-खाली करण्यात खर्च होतो. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असते आणि वेग वाढतो तसा त्याचा अडथळा साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून आडवे, सरळ शरीर राखणे हे ताकद वाढवण्यापेक्षा आधीचे काम आहे.

ही गोष्ट मला फार उशिरा कळली. मी निफाड तालुक्यातील एका गावात, पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. विहिरीत डोके पाण्याबाहेर ठेवूनच हात मारायचे असतात, कारण समोर दगडी भिंत असते आणि वरून कोण सूर मारील याचा नेम नसतो. ती सवय घेऊन मी नाशिकला त्र्यंबक रोडवरील महापालिकेच्या सावरकर जलतरण तलावात पोहू लागलो, तेव्हा माझे पाय सतत बुडत आणि मी त्याचा दोष कमकुवत किकला देत असे. पुढे अलेक्झांडर पोपोव्हच्या शर्यती पाहिल्या. त्याने १९९२ आणि १९९६ या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये ५० आणि १०० मीटरची सुवर्णपदके मिळवली. त्या अटीतटीच्या शर्यतींतही त्याचे डोके स्थिर, नजर तळाकडे आणि मान मोकळी असते. मी दोन महिने केवळ तळाच्या रेषेकडे पाहत पोहण्याचा सराव केला आणि किकमध्ये काहीही बदल न करता पाय वर आले. श्वासाचेही असेच आहे. पोहताना डोक्यापुढे पाण्याची छोटी लाट उठते आणि तोंडाजवळ खळगा तयार होतो. अव्वल जलतरणपटू त्या खळग्यातून श्वास घेतात, म्हणून त्यांच्या गॉगलची एक काच पाण्यातच राहते.

त्यांचे सगळेच मात्र उचलू नये. केटी लेडेकीने २०१२ ते २०२४ या चार ऑलिम्पिकमध्ये सलग ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. तिची लय घोड्याच्या दौडीसारखी असमान आहे आणि ती बहुतेक वेळा उजवीकडेच श्वास घेते. ज्याचा समतोल अजून बसलेला नाही त्याने ही लय घेतली, तर केवळ शरीर वाकडे होते. तसेच पॅन झानलेने २०२४ मध्ये पॅरिसला १०० मीटर ४६.४० सेकंदांत पार केले, ते पाहून सतत जोरदार किक मारू नका. पायांचे मोठे स्नायू प्राणवायू फार खातात. तुमच्या वेगाला किक प्रामुख्याने तोल राखण्यासाठी पुरेशी आहे.

जाणकारसुद्धा अशा निरीक्षणातून घाईने निष्कर्ष काढू शकतात, हे येथे नमूद करावेसे वाटते. अमेरिकन प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी पाण्याखालील चित्रणाचा मोठा अभ्यास केला. उत्तम जलतरणपटूंचा हात सरळ मागे न जाता वळणे घेतो हे पाहून, विमानाच्या पंखाप्रमाणे हातावरही उचल निर्माण होते आणि तीच पुढे नेते, असे त्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले. त्यामुळे अनेक वर्षे ‘एस’ अक्षरासारखा हात ओढायला शिकवले गेले. त्या वळणाचा बराचसा भाग शरीर कुशीवर वळल्यामुळे आपोआप येतो, हे नंतर मान्य झाले. डोळ्यांना दिसलेले खरे होते, त्याचे कारण वेगळे होते.

पाहण्याची माझी पद्धत सांगतो. व्हिडिओचा वेग पाव करावा आणि एका बैठकीत एकच गोष्ट पाहावी, उदाहरणार्थ, फक्त उजवे कोपर. दुसऱ्या दिवशी तलावात तेवढेच करून पाहावे. आपलेही चित्रण असावे. बऱ्याच तलावांवर मोबाइलला मनाई असते, तेव्हा प्रशिक्षकांची आधी परवानगी घ्यावी. बदल लाभदायक आहे की नाही हे केवळ घड्याळावरून ठरवू नये. २५ मीटरला लागलेले हात मोजावेत आणि त्यात सेकंद मिळवावेत. माझे आरंभी २६ हात आणि ३२ सेकंद, म्हणजे ५८ होत. आठ महिन्यांनी २० हात आणि २७ सेकंद, म्हणजे ४७ झाले. हात कमी होऊन सेकंद वाढले, तर तुम्ही पुढे सरकण्याच्या नादात मध्येच थांबत आहात, असे समजावे.

आता तुमच्या खांद्याविषयी. हात पाण्यात टाकताना आधी अंगठा शिरत असेल किंवा हात डोक्यापुढे मधली रेषा ओलांडून पलीकडे जात असेल, तर खांद्याचा सांधा आत वळलेल्या स्थितीत दाबला जातो, आणि व्हिडिओतील लांब पल्ला गाठू पाहणाऱ्या माणसाकडून हे हमखास होते. बोटे आधी, तळवा खाली आणि हात खांद्याच्या सरळ रेषेत, इतके पाहावे. सध्या अंतर निम्मे करा, हातांना लावायची पॅडल्स वापरत असाल तर बाजूला ठेवा, आणि दोन आठवड्यांत दुखणे कमी झाले नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. दुखणे थांबल्यावर इव्हान्स आणि थॉर्प यांची पाण्याखालील दृश्ये काढा आणि पहिला आठवडा केवळ कोपराकडे पाहण्यात घालवा.