मुळा कधी पेरायचा?

अरे, मुळा पोसायच्या आधीच फुलाचा दांडा आला म्हणतोस, पण पेरलास कधी ते आधी सांग. जानेवारीत ना? मग दांडा येणारच. आपल्याकडे कोकणात थंडी कसली, संक्रांतीनंतर दिवस मोठा होतो, ऊन चढतं आणि मुळा पोसायचं सोडून फुलावर येतो. भात कापलं की कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, ओल असते तेव्हाच, नोव्हेंबरात, बी टाक. पुसा चेतकी जातीचं बी घे, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढायला येतो. दोन पानं फुटली की विरळणी कर, दाट रोपं उपटून चार बोटं अंतर ठेव. जीव तुटतो, पण उपट. त्या पाल्याची भाजी झकास होते. पाण्याचा ताण पडू देऊ नकोस. आता दांडा आलेले राहू देत, डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, धरतील. कोवळ्या असतानाच तोड.