‘सुप्रीम’ म्हणजे नेहमीच ‘सर्वोच्च’ का?

एका वाचकाचा प्रश्न आहे: मे २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना न्यूयॉर्कच्या सुप्रीम कोर्टात ज्यूरीने ३४ आरोपांत दोषी ठरवले. मराठीत त्याला ‘न्यूयॉर्कचे सर्वोच्च न्यायालय’ म्हटले, तर त्यावर राज्यातच अपील कसे होते?

शंका रास्त आहे. ‘सर्वोच्च’ या शब्दात त्याच्या वर कोणी नाही हे गृहीतच असते आणि इथे नेमके तेच खरे नाही. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने राज्याची न्यायव्यवस्था आखून दिली आहे. त्यानुसार सुप्रीम कोर्ट हे व्यापक मूळ अधिकारितेचे, म्हणजे जिथे दावा दाखल होतो, खटला उभा राहतो आणि साक्षीपुरावे नोंदवले जातात असे न्यायालय आहे. आपल्याकडच्या जिल्हा व सत्र न्यायालयाशी त्याचे काम बरेच जुळते. अपिले ऐकण्यासाठी त्याच कोर्टाचे चार अपील विभाग आहेत आणि सर्वांत वर आहे ते ‘कोर्ट ऑफ अपील्स’, जिथे मुख्य न्यायाधीशांसह सात जण बसतात. वारसा, कुटुंब आणि राज्य सरकारवरील दावे यांसाठी वेगळी न्यायालये आहेत.

हे उलटे वाटणारे नाव वसाहतकाळातले आहे. १६९१ मध्ये तिथे सुप्रीम कोर्ट स्थापन झाले तेव्हा ‘सुप्रीम’चा अर्थ स्थानिक छोट्या कोर्टांहून वरचे, एवढाच होता. पुढे १८४६ च्या राज्यघटनेने कोर्ट ऑफ अपील्स निर्माण केले, तरी जुन्या कोर्टाचे नाव जुन्याच कोर्टाकडे राहिले. आपल्याला याचे नवल वाटायला नको, कारण खुद्द मुंबईत १८२४ पासून एक सुप्रीम कोर्ट होते आणि त्याच्या निकालांवर लंडनला अपील जात असे. १८६२ मध्ये ते आणि सदर अदालत, म्हणजे कंपनी सरकारचे अपील न्यायालय, मिळून मुंबईचे हायकोर्ट झाले. (त्या ‘सदर’चा अर्थ मुख्य असा होता; ‘सदर इसम’ मधला आजचा सरकारी ‘सदर’ त्याहून फारच उतरलेला आहे.)

म्हणून माझे मत असे की न्यूयॉर्कपुरते ‘सुप्रीम कोर्ट’ हे विशेषनाम समजावे, देवनागरीत तसेच लिहावे आणि पहिल्या उल्लेखात ‘राज्यातील खटले चालवणारे न्यायालय’ अशी ओळख जोडावी. ‘कोर्ट ऑफ अपील्स’साठी मात्र ‘राज्याचे सर्वोच्च अपील न्यायालय’ हे वर्णन चालेल. सगळीकडेच असे करायचे कारण नाही. अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यातही सर्वांत वरच्या न्यायालयाचे नाव ‘कोर्ट ऑफ अपील्स’ असेच होते. मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये ते ‘सुप्रीम कोर्ट’ झाले. तिथे ‘सर्वोच्च न्यायालय’ हे भाषांतर बिनचूक आहे.

आणखी एक खाचखळगा आहे. न्यूयॉर्कमध्ये सुप्रीम कोर्टात बसणाऱ्यांना ‘जस्टिस’ म्हणतात आणि कोर्ट ऑफ अपील्समधल्यांना ‘जज’. आपल्या सवयीने एकाला ‘न्यायमूर्ती’ आणि दुसऱ्याला ‘न्यायाधीश’ केले, तर बातमीत न्यायाधीश न्यायमूर्तींचा निकाल फिरवताना दिसतील, आणि मराठी वाचक ती मुद्रणदोष समजून सोडून देईल. तेव्हा दोघांनाही ‘न्यायाधीश’च म्हणावे.