ऑफिसच्या ताणासाठी ऑनलाइन थेरपीची तीन सेशन झाली, पण नुसत्या गप्पाच होतात. काय बदलू?

आठवड्यातला एकच प्रसंग लिहून न्या आणि सेशनच्या पहिल्या पाच मिनिटांत तोच समोर ठेवा. ४५-५० मिनिटं ‘आठवडा कसा गेला’ यातच सरतात, म्हणून गप्पा वाटतात. ‘ऑफिसात ताण आहे’ एवढ्यावर फारसं काम होत नाही. ‘सोमवारी साहेबांचा नुसता “फोन कर” असा मेसेज आला, वाटलं नोकरी गेली, भीती १० पैकी ८, मोबाइल पालथा घालून ठेवला’ यावर होतं. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीच्या पद्धतीत अशीच विचारांची नोंद ठेवतात: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना किती, केलं काय. त्याच दिवशी लिहा; चार दिवसांनी आठवून लिहिलं की नेमका तो विचारच निसटतो. शेवटी ‘पुढच्या वेळेपर्यंत काय करून बघू?’ हे विचाराच. घरचे ऐकतील म्हणून दबून बोलत असाल, तर तेही थेरपिस्टला सांगा. मात्र जीव नकोसा वाटत असेल, तर पुढच्या सेशनची वाट न बघता लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.