चेंडू पडला तिथून

चिरंजीवास, साताऱ्याहून अनेक आशीर्वाद.

गुडघ्याच्या दुखण्यानंतर तुझा गोल्फमधला ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, तीस यार्डांनी कमी झाला, म्हणून बत्तिसाव्या वर्षीच ‘वय झाले’ असे लिहून तू किट विकायला काढलेस, हे वाचून मला आधी वाईट वाटले आणि मग राग आला. चेंडू जिथे पडला तिथूनच खेळायचा, हे गोल्फच्या पहिल्याच नियमात सांगितले आहे. शरीरालाही तोच नियम लाव.

मी तो साठीत मोडला. पलटणीपासूनचा माझा जोडीदार म्हणे, “आता पुढच्या टीवरून नऊच होल खेळू.” टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा; पुढची असली की अंतर कमी. मी हट्टाने मागच्या टीवरून अठरा खेळत राहिलो, कंबर धरली आणि सहा महिने पट्टा बांधून घरी बसलो. त्याच श्रावणात तो गेला. त्याला माझ्याबरोबर अजून चार पावसाळे चालायचे होते, एवढे साधे मला कळले नाही. ते नऊ होल राहिलेच.

अमेरिकन गोल्फर टॉम वॉटसन २००९ साली स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीला, ५९ व्या वर्षी, ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकता जिंकता राहिला. बहात्तराव्या, म्हणजे शेवटच्या होलवर त्याने आठ नंबरच्या आयर्नने (लोखंडी काठीने) मारलेला चेंडू ग्रीनमागे, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीपलीकडे, घरंगळला; बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. लोक त्या हरण्याची हळहळ करतात. मला तो खेळला ते चार दिवस आठवतात.

आता मी महिन्यातून एकदा खंबाटकीच्या बोगद्यातून पहाटे पुण्याला खेळायला जातो आणि जिथे सात नंबरचा आयर्न पुरत असे तिथे बिनदिक्कत हायब्रिड, म्हणजे लांब जाणारी सोपी काठी, काढतो. एरवी अजिंक्यताऱ्याखालच्या आमच्या परड्यात वीस पावलांवर लोखंडी घमेले ठेवून चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका, मारतो. मनगट जरा आधी सुटले की चेंडू काठावर टणकन आपटून कर्दळीत जातो. नीट बसला तर घमेल्यात गोल फिरून थांबतो, आणि त्या आवाजासाठी मी तासभर उभा राहतो. घरचे म्हणतात, हा गोल्फ नव्हे. आहे! स्कोअर सोडून द्या म्हणणाऱ्यांशीही माझे पटत नाही; मी आजही प्रत्येक फटका लिहितो, फक्त तो चाळिशीतल्या कार्डाशी ताडून पाहत नाही. चेंडू पडला तिथून, एवढेच.

किट विकू नकोस. शनिवारी गुडघ्याला पट्टा बांधून ये, वेज, ती छोट्या फटक्यांची काठी, तेवढी आण. घमेले मी घासून ठेवतो.

तुझा,
काका