पीएचपीत क्वेरीसाठी हेल्पर फंक्शनं: काय लपवायचं, काय उघडं ठेवायचं

तुमची अडचण मला अशी समजली. पीएचपी आणि मायएसक्यूएलवरच्या तुमच्या प्रकल्पात प्रत्येक फाइलमध्ये प्रिपेअर, बाइंड, एक्झिक्यूट, फेच अशा त्याच सहा-सात ओळी पुन्हा पुन्हा येतात. त्याला कंटाळून तुम्ही एक फंक्शन लिहिलंत. त्याला टेबलचं नाव, अटींचा ॲरे, क्रम आणि मर्यादा दिली की ते स्वतः क्वेरी जोडतं आणि ओळी आणून देतं. आता त्यात जॉइन (दोन टेबलं जोडणारी क्वेरी) कसा बसवायचा, हा तुमचा प्रश्न आहे; शिवाय फिल्टरांचा एक शोधाचा स्क्रीनही आहे.

माझा सल्ला: जॉइन बसवू नका, ते फंक्शनच बाजूला ठेवा. कंटाळा येणं अगदी बरोबर आहे, पण तो नक्की कशाचा येतो ते बघा. सिलेक्ट लिहायला तुम्हाला कधीच जड गेलं नाही. जड जातात ते त्याच्या मागचे-पुढचे सोपस्कार. तुम्ही ते सोपस्कार गुंडाळायला गेलात आणि त्यांच्याबरोबर एसक्यूएलही गुंडाळून टाकलंत. आज जॉइन हवा आहे. उद्या ग्रुप बाय लागेल, परवा ‘ही अट किंवा ती अट’, मग सबक्वेरी. दर वेळी ॲरेत एक नवी किल्ली वाढेल. वर्षभरानं तुमच्या हातात एक अर्धीमुर्धी भाषा असेल, जी फक्त तुम्हालाच वाचता येते. एसक्यूएल मात्र प्रकल्पात नव्यानं येणाऱ्या माणसालाही येत असतं.

मी स्वतः बरीच वर्षं वापरत आलेली फंक्शनं सांगतो. नावं इथे मराठीत लिहितो; पीएचपीला देवनागरी नावं चालतातही.

सगळ्याच्या मुळाशी एकच फंक्शन आहे, `चालवा($क्वेरी, $मूल्ये)`. पहिलं पॅरामीटर म्हणजे प्रश्नचिन्हं असलेली पूर्ण क्वेरी, दुसरं म्हणजे त्या प्रश्नचिन्हांच्या (म्हणजे प्लेसहोल्डरांच्या) जागी जाणाऱ्या मूल्यांचा ॲरे. आत तीनच ओळी आहेत: पीडीओच्या (पीएचपीतली डेटाबेसशी बोलणारी सोय) कनेक्शनवर क्वेरी प्रिपेअर करा, ॲरे देऊन एक्झिक्यूट करा, स्टेटमेंट परत द्या. बाकीची फंक्शनं याच्याच खांद्यावर उभी राहतात. `सर्व_ओळी` फेचऑल करून देतं. `एक_ओळ` पहिली ओळ देतं. `एक_मूल्य` पहिल्या ओळीतला पहिला कॉलम देतं, म्हणजे काउंटसाठी सोयीचं. `जोड्या` दोन कॉलमांच्या क्वेरीतून किल्ली-मूल्य असा ॲरे देतं. ड्रॉपडाउन भरताना त्याचा फार उपयोग होतो, आणि पीडीओत त्यासाठी फेच की-पेअर हा प्रकार तयारच आहे.

तुमची सहा-सात ओळींची रांग आता `$ग्राहक = एक_ओळ($क्वेरी, [$क्रमांक]);` एवढ्यावर येते. क्वेरी मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर राहते. ती उचलून थेट मायएसक्यूएलच्या कन्सोलवर चालवता येते, तिच्यापुढे एक्सप्लेन लावून इंडेक्स वापरला जातोय का ते बघता येतं. जोडून तयार होणाऱ्या क्वेरीत ही सोय राहत नाही.

एक बारकावा: ओळ सापडली नाही तर पीडीओचं फेच फॉल्स परत देतं. `एक_ओळ`मध्ये त्याचं नल (‘मूल्यच नाही’) करून टाका. मग रिटर्न टाइपमध्ये ‘ॲरे किंवा नल’ असं लिहिता येतं आणि दुहेरी प्रश्नचिन्हाचा (नल असेल तर पर्यायी मूल्य देणारा) ऑपरेटरही नीट लागू पडतो. `एक_मूल्य`मध्ये जरा जास्त जपावं लागतं. कॉलममध्येच बूलियन फॉल्स असेल, तर ‘ओळ नाही’ आणि ‘मूल्य फॉल्स आहे’ यांत फेचकॉलमला फरक सांगता येत नाही. म्हणून मी आत आधी ओळ घेतो आणि मगच तिच्यातलं मूल्य काढतो.

फंक्शनं लिहिण्याआधी कनेक्शन नीट उघडा, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. एरर मोड एक्सेप्शनवर ठेवा. पीएचपी ८.० पासून, म्हणजे २०२० पासून, पीडीओत तो आपोआप तसाच असतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत क्वेरी चुकली तरी पीडीओ मुकाट बसायचं. फेचचा प्रकार असोसिएटिव्ह ठरवून टाका. कॅरेक्टर सेट कनेक्शनच्या स्ट्रिंगमध्येच यूटीएफ८एमबी४ द्या. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरी अक्षरं त्यात बसतात, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं, आणि एक दिवस कुणीतरी ४ बाइटांचा इमोजी टाकतं.

आणि इम्युलेटेड प्रिपेअर बंद करा. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्ये तो मुळात चालू असतो. तेव्हा पीडीओ मूल्यं स्वतःच क्वेरीत भरतं, आणि एक्झिक्यूटला ॲरेतून दिलेलं प्रत्येक मूल्य स्ट्रिंग समजतं. त्यामुळे लिमिटपुढे १० हा आकडा अवतरणचिन्हांसकट जातो आणि मायएसक्यूएल सिंटॅक्स एरर देतं. ‘प्लेसहोल्डर लिमिटमध्ये चालत नाहीत’ हा गैरसमज इथूनच पसरला. मग लोक आकडा थेट स्ट्रिंगमध्ये चिकटवतात, आणि एकदा ती सवय लागली की आकड्यावर थांबत नाही. इम्युलेशन बंद केलं की लिमिट सरळ चालतं. एवढंच लक्षात ठेवा, की मग नाव दिलेला एकच प्लेसहोल्डर एका क्वेरीत दोनदा वापरता येत नाही. मी प्रश्नचिन्हंच वापरतो, त्यामुळे मला ते कधी नडलं नाही.

तुमचा कोड पीडीओऐवजी मायएसक्यूएलआयवर (पीएचपीतली फक्त मायएसक्यूएलपुरती सोय) असेल आणि सर्व्हरवर पीएचपी ८.२ किंवा पुढची आवृत्ती असेल, तर `चालवा` तुम्हाला लिहावंही लागणार नाही. त्यात एक्झिक्यूट क्वेरी नावाची मेथड आली आहे. ती प्रिपेअर, बाइंड, एक्झिक्यूट एकाच हाकेत करते.

आता इन्सर्ट आणि अपडेट. इथे टेबलचं नाव आणि ॲरे घेणारं फंक्शन मलाही मान्य आहे, कारण वीस कॉलमांचं इन्सर्ट हातानं लिहिताना प्रश्नचिन्हं मोजण्यात चूक होतेच. पण धोका ओळखून लिहा. प्लेसहोल्डर फक्त मूल्यांचं रक्षण करतो. टेबलचं किंवा कॉलमचं नाव प्लेसहोल्डरमधून जाऊच शकत नाही, म्हणून ॲरेच्या किल्ल्या थेट क्वेरीच्या मजकुरात उतरतात. कुणी फॉर्ममधून आलेला पोस्ट ॲरे तसाच या फंक्शनला दिला, तर त्या किल्ल्या ब्राउझरवाल्याच्या हातात असतात. मूल्यं सुरक्षित आणि किल्ल्यांतून इंजेक्शन (क्वेरीत परकं एसक्यूएल घुसवणं), असा प्रकार होतो. इंजेक्शन नाही झालं तरी ‘ॲडमिन आहे का’ या कॉलमची किल्ली कुणीही फॉर्ममध्ये घुसवू शकतो. म्हणून प्रत्येक टेबलासाठी चालणाऱ्या कॉलमांची यादी कोडमध्ये ठेवा आणि ॲरे इंटरसेक्ट की वापरून आलेल्या ॲरेतून तेवढ्याच किल्ल्या उचला.

अपडेटबद्दल मी पोटतिडकीनं सांगतो, कारण ते मी भोगलं आहे. माझ्या जुन्या अपडेट फंक्शनला तिसरं पॅरामीटर म्हणून अटींचा ॲरे जायचा, आणि तो रिकामा असेल तर फंक्शन व्हेअर (क्वेरीतला अटींचा भाग) गाळायचं. लिहिताना ती सोय वाटली होती. एका कामाच्या दिवशी वरच्या कोडमध्ये माझ्याकडून एका व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं, ॲरे रिकामा आला, आणि ऑर्डरच्या टेबलातली प्रत्येक ओळ ‘रद्द’ झाली. बॅकअप आदल्या रात्रीचा होता. त्या दिवशीचे बदल आम्ही लॉग वाचून हातानं परत भरले. ज्यांना माझ्या चुकीपायी रात्री उशिरापर्यंत बसावं लागलं त्यांचे चेहरे अजून आठवतात. तेव्हापासून माझं `बदला` हे फंक्शन अट रिकामी दिसली की एक्सेप्शन फेकतं आणि थांबतं. डिलीटसाठी तर मी हेल्पर लिहितच नाही. ती क्वेरी पूर्ण, हातानं, व्हेअरसकट लिहिलेली बरी.

तिथेच आणखी एक फसवी गोष्ट आहे. अपडेटनंतर मायएसक्यूएलकडून मिळणारा रोकाउंट हा खरोखर बदललेल्या ओळींचा असतो. ओळ सापडली पण मूल्य आधीच तेच होतं, तर उत्तर ० येतं. ‘० म्हणजे असा ग्राहकच नाही’ असं गृहीत धरून एरर दाखवू नका. सापडलेल्या ओळींचा आकडा हवा असेल तर कनेक्शन उघडताना फाउंड रोज (FOUND_ROWS) हा पर्याय चालू करावा लागतो.

इन लिस्टसाठी (‘या यादीतलं कुठलंही मूल्य’ अशी अट) छोटं फंक्शन जरूर ठेवा: ॲरेत जितकी मूल्यं तितकी प्रश्नचिन्हं स्वल्पविरामानं जोडून देणारं. प्रश्न येतो तो रिकाम्या ॲरेचा. कंसात काहीच नसलेलं इन मायएसक्यूएलला चालत नाही. पुष्कळ जण तिथे हेल्परलाच नल घालायला लावतात. ‘इन’साठी ते जमून जातं, कारण काहीच सापडत नाही आणि तेच हवं असतं. पण ‘नॉट इन’मध्ये रिकामी यादी म्हणजे सगळ्या ओळी हव्या असतात, आणि नल घातल्यावर एकही मिळत नाही. म्हणून रिकाम्या यादीवर हेल्परनं एक्सेप्शन फेकावं; काय करायचं ते हाक मारणाऱ्यानं ठरवावं. यादी फार लांबली तर मर्यादाही आहेत. मायएसक्यूएलमध्ये एका प्रिपेअर्ड स्टेटमेंटला ६५,५३५ प्लेसहोल्डरपर्यंत परवानगी आहे. एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ३.३२ आवृत्तीआधी मूळ मर्यादा ९९९ होती, आता ३२,७६६ आहे.

नलचा विषय निघालाच आहे तर: ‘कॉलम = ?’ला नल दिलं तर काहीच मिळत नाही, एररही येत नाही. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी `<=>` हा नल चालणारा तुलनेचा ऑपरेटर आहे. आणि लाइकमधलं टक्क्याचं चिन्ह क्वेरीत न लिहिता मूल्याला जोडून पाठवा.

मला सगळ्यात मोलाचं वाटणारं फंक्शन वेगळंच आहे: ट्रान्झॅक्शनचं (सगळ्या क्वेरी मिळून होतात किंवा एकही होत नाही). `एकत्र($काम)` असं त्याला एक क्लोजर (नाव नसलेलं फंक्शन) द्यायचं. ते ट्रान्झॅक्शन सुरू करतं, काम चालवतं, कमिट करतं. मध्ये काहीही फेकलं गेलं की थ्रोएबल (फेकलेली कुठलीही चूक) पकडून रोलबॅक करतं, म्हणजे सगळे बदल मागे घेतं, आणि तीच चूक पुन्हा वर फेकतं. ती वर फेकणं विसरू नका, नाहीतर पैसे एका खात्यातून वजा झालेले नसतानाही पुढचा कोड ‘झालं’ म्हणून सांगेल. आधीच एखादं ट्रान्झॅक्शन चालू असेल तर दुसरं सुरू करायला पीडीओ नकार देतं, म्हणून आधी इनट्रान्झॅक्शन तपासा आणि चालू असेल तर फक्त काम चालवा. मायएसक्यूएलमध्ये क्रिएट टेबल, अल्टर टेबल अशा आज्ञा आपणहून कमिट करून टाकतात, तेव्हा त्या या क्लोजरमध्ये नकोत. ईमेल पाठवणंही नको. रोलबॅकनं गेलेला ईमेल परत येत नाही.

हेल्परच्या आत इतर कुठेही ट्राय-कॅच घालू नका. चूक पकडून फॉल्स परत देणारा हेल्पर मी बघतो तेव्हा मला वाईट वाटतं, कारण तो लिहिणाऱ्यानं काळजीनंच लिहिलेला असतो, आणि त्या काळजीपायी कुणीतरी पुढे दोन दिवस बग शोधत बसतं.

या फंक्शनांचा एक तोटा मान्य करायला हवा. क्वेरी एका ओळीत मावायला लागली की ती लूपमध्ये घालायचा मोह होतो. २०० ऑर्डर आणल्या आणि प्रत्येकीसाठी लूपमध्ये `एक_ओळ` म्हणून ग्राहक आणला, की २०१ क्वेरी झाल्या. ऑर्डरमधले ग्राहक क्रमांक गोळा करून वरच्या इन लिस्टनं एकदाच विचारलं तर दोनच लागतात. सुदैवानं सगळी वाहतूक आता `चालवा`च्या एकाच दारातून जाते. त्यात डेव्हलपमेंटपुरता एक मोजणीचा आकडा आणि लागलेला वेळ नोंदवा आणि पान संपताना लॉगमध्ये लिहा. माझ्या बहुतेक संथ पानांचं कारण मला त्या एका आकड्यानं दाखवलं.

राहिला तुमचा शोधाचा स्क्रीन, जिथे पाच फिल्टरपैकी कुठलेही भरलेले असू शकतात. त्यासाठीही क्वेरी जोडणारा बिल्डर नको. दोन रिकामे ॲरे घ्या, `$अटी` आणि `$मूल्ये`. एखादा फिल्टर भरलेला असेल तर पहिल्यात तुम्ही स्वतः लिहिलेला अटीचा तुकडा घाला, दुसऱ्यात त्याचं मूल्य. शेवटी तुकडे अँडनं इम्प्लोड करा (जोडा). एकही नसेल तर व्हेअर लिहू नका, कारण वाचण्याच्या क्वेरीत ते चालतं. क्रम लावायचा कॉलम वापरणाऱ्याकडून येतो, तो कधीही थेट घेऊ नका. ‘नाव’, ‘तारीख’, ‘रक्कम’ अशा शब्दांचा खऱ्या कॉलमांशी जोडलेला ॲरे ठेवा आणि त्यात नसलेला शब्द आला तर ठरलेला क्रम लावा.

सगळा कोड एका दमात बदलायला जाऊ नका. आज कनेक्शन आणि `चालवा` एवढंच करा. मग ज्या क्वेरींमध्ये अवतरणचिन्हांच्या आत थेट व्हेरिएबल बसवलेलं आहे त्या शोधा आणि आधी त्याच फाइली हातात घ्या. जॉइनवाली क्वेरी आहे तशी पूर्ण लिहून `सर्व_ओळी`ला द्या. ती कुठे अडली तर क्वेरी आणि एररचा मजकूर दोन्ही इथे टाका, मी बघतो.