बालवाडीतल्या मुलांना सरला ठकराल यांच्याबद्दल कसं सांगावं?

तुमचा प्रश्न वाचला. सांगलीत तुम्ही बालवाडी चालवता, मुलं पाच-सहा वर्षांची आहेत. 'भारतातील पहिल्या महिला वैमानिक' असा तक्ता भिंतीवर लावला, मुलांनी ओळ पाठ केली आणि गाडी तिथेच अडली. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग घेते. मुलं एक ओळ खणखणीत म्हणतात आणि पुढे विचारलं की छताकडे बघतात, हे आमच्याकडे नेहमीचंच.

माझं ऐकाल तर 'पहिल्या' हे बिरुद आधी बाजूला ठेवा. आत्या स्कूटीवर फिरते, बाई एसटीने येतात, कंडक्टर ताई तिकीट फाडतात, हे रोज बघणाऱ्या मुलाला एका बाईने विमान चालवलं याचं नवल का वाटावं? शिवाय तो दावाही पक्का नाही. उर्मिला पारीख यांना १९३२ सालीच वैमानिकाचा परवाना मिळाल्याची नोंद आहे. सरलाबाईंना मिळाला १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. त्यामुळे पहिली कोण हा वाद मोठ्यांनी घालावा. मुलांना सांगण्यासारखं निराळंच खूप आहे.

सुरुवात विमानापासून करा. विमान म्हटलं की मुलं खिडक्यांची रांग असलेलं भलंमोठं विमान काढतात. सरलाबाई लाहोरच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकल्या ते जिप्सी मॉथ. एकावर एक असे पंखांचे दोन मजले, पंखांवर ताणलेलं कापड, पुढे-मागे दोनच जागा आणि डोक्यावर छप्पर नाही. नाकावरचा पंखा फिरवून इंजिन सुरू करायला खाली उभा असलेला माणूस हाताने जोर लावायचा. पंख मागे दुमडून विमान शेडमध्ये ढकलता यायचं, हे ऐकल्यावर मुलं वेडी होतात. मैदानावर फक्कीने ते खऱ्या मापात आखा: पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत साधारण नऊ मीटर, नाकापासून शेपटीपर्यंत सव्वासात मीटर. मुलांना पंखांच्या रेषेवर झोपवा आणि किती जण मावतात ते त्यांनाच मोजू द्या. पुढचा पंखा काय करतो हे विचारलं की मी चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांची आठवण देते. तिथे वारा पात्यांना फिरवतो, इथे इंजिन पाती फिरवतं आणि पाती हवेला मागे ढकलतात. साताऱ्याच्या पोरांना एवढं पुरतं. तुमच्याकडे हातातलं भिरभिरं घ्या.

मग आखलेल्या विमानात एकामागे एक दोन खुर्च्या ठेवा. शिकवताना शिक्षक पुढच्या जागेवर, शिकणारा मागे. मध्ये बोलायला एक नळी, कारण इंजिनाच्या आवाजात ओरडूनही ऐकू जायचं नाही. आता पुढची खुर्ची रिकामी करा आणि मागच्या मुलाला सांगा, आज तू एकटाच जायचं. या विमानात एकटं उडताना मागेच बसायचं असतं, वजनाचा तोल तसाच राहतो. मोकळ्या खुर्चीकडे बघत बसलेलं मूल एकट्याने उडणं म्हणजे काय ते आपसूक समजतं. माझ्या मते सगळ्या पाठाचा गाभा हाच आहे, इथे घाई करू नका.

सरलाबाई साडी नेसून त्या विमानात चढल्या, हे तुम्हाला माहीत असेलच. त्याचं उगाच कौतुक करत बसण्यापेक्षा मुलांना विचारा, वरून वारा भणाणतोय, पदराचं काय करायचं? आमच्याकडे एकीच्या आजी नऊवारी नेसतात. तिने लगेच उठून ओढणी कमरेला खोचून दाखवली. शिवाय घरी त्यांची चार वर्षांची लेक होती, म्हणजे तुमच्या वर्गातल्या मुलांहून थोडी लहान. "तिला कोण सांभाळायचं?" हा प्रश्न येणारच. तेव्हा घरची माणसं मदतीला होती एवढं सांगा. सासरी नऊ जण वैमानिक होते, पती पी. डी. शर्मा लाहोर-कराची मार्गावर विमानाने टपाल नेत. सुनेने शिकावं म्हणून सासऱ्यांचा उत्साह तर पतीपेक्षाही जास्त. (तेव्हा त्यांचं आडनाव शर्मा होतं, ठकराल नंतरचं.) हे मुद्दाम लिहितेय. सावित्रीबाईंवर लोक शेणमाती फेकत, ते आपण शिक्षक इतक्या वेळा सांगतो की प्रत्येक कर्तबगार बाईच्या गोष्टीत हातात दगड घेतलेले लोक घुसडायची खोड आपल्याला लागली आहे. इथे घर पाठीशी उभं होतं, ते तसंच सांगावं.

रस्ता कसा सापडायचा हा पुढचा प्रश्न, आणि तो तुमच्या-माझ्या भागासाठी तर सोन्यासारखा. तेव्हाचे वैमानिक खाली बघून नद्या, रेल्वेचे रूळ, गावं ओळखत जायचे. साताऱ्याहून सांगलीला विमानाने यायचं असेल तर कशावर नजर ठेवायची? कृष्णेवर! फरशीवर खडूने लांबलचक नदी काढा. माहुलीला वेण्णा येऊन मिळते. कऱ्हाडला कोयना थेट समोरून येऊन भिडते आणि कृष्णा पूर्वेकडे वळते. मग औदुंबर, मग तुमची सांगली. हरिपूरला वारणा मिळालेली दिसली की समजायचं, सांगली मागे राहिली, वळवा विमान. मुलं हात पसरून त्या रेषेवरून धावतात आणि प्रत्येक संगमावर गावाचं नाव ओरडतात. नकाशाचा पहिला धडा फुकटात होऊन जातो. एकजण हमखास कोयनेने वर पाटणला निघून जातो, जाऊ द्या.

सरलाबाईंनी हजार तासांचं उड्डाण पूर्ण केलं असं त्यांच्याबद्दल लिहिलेलं सापडतं. हजार हा आकडा मुलांना काहीच सांगत नाही. पण शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला ८०० अध्यापन तास ठरवलेले आहेत, म्हणून मी म्हणते, "तुम्ही वर्षभर शाळेत जेवढे बसता ना, त्याहून जास्त वेळ त्या आकाशात होत्या." यावर पोरं हमखास विचारतात, मधली सुट्टी कुठे व्हायची?

आता अवघड भाग. १९३९ साली त्यांचे पती शर्मा विमान अपघातात गेले. हे सांगावं का? मी सांगते, एका वाक्यात, आवाज न बदलता. आमच्या भागात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत. वर्गात कुणाचे ना कुणाचे वडील किंवा काका फौजेत असतात, तेव्हा विमान कसं पडलं वगैरे वर्णन नको आणि लपवाछपवीही नको. पुढचं मात्र नीट सांगा, कारण तक्त्यावर ते कधीच नसतं. सरलाबाई व्यावसायिक परवान्यासाठी शिकायला जोधपूरला गेल्या, पण दुसरं महायुद्ध पेटलं आणि नागरी प्रशिक्षण बंद पडलं. मग लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या. फाळणीनंतर दोन मुलींना घेऊन दिल्लीला आल्या आणि साड्यांची, दागिन्यांची नक्षी करून त्यावर व्यवसाय उभा केला. विमान सुटलं म्हणून गोष्ट संपली नाही, हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर पटतं. त्या दिवशी कागदाच्या साडीचे काठ रंगवून घ्या.

"आता बायका चालवतात का विमान?" असं कुणी विचारलंच तर अवनी चतुर्वेदी यांचं नाव सांगा, २०१८ साली त्यांनी एकटीने मिग-२१ हे लढाऊ विमान उडवलं. आणि भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे, हे पालकसभेत सांगायला बरं.

वेशभूषेत फक्त मुलींना सरलाबाई करू नका. मागच्या खुर्चीवर पाळीपाळीने सगळे बसतील, ओढणी मुलगेही खोचतील, त्यांना काही वाटत नाही. वाटतं ते दाराशी उभ्या असलेल्या मोठ्यांना.

राहिला दिवस. त्यांचा जन्मदिवस ८ ऑगस्टचा, पण त्या पावसात आमच्या साताऱ्यात मैदानावर फक्की तासभरही टिकत नाही, सांगलीतही काही सांगता येत नाही. ३ जानेवारीच्या, म्हणजे सावित्रीबाईंच्या जयंतीच्या, आसपास घ्या. मैदान कोरडं असतं, आणि त्या आठवड्यात असे कार्यक्रम असतातच, त्यामुळे वेगळी परवानगी मागावी लागत नाही.